जिन्याची वही

संस्थेनं मला एक वही दिली,
एक निळं पेन,
आणि एक वाक्य : माणसं जोडा.
वाक्याला धरायला कुठे कडीच नव्हती.

वाशी नाका, इमारत एकोणीस.
पुलाखालची, नाल्याकाठची, पाइपलाइनलगतची
अशी तीन वस्त्यांची माणसं
सोडतीच्या चिठ्ठीनं एकमेकांवर रचलेली.
दारं बंद, दारांवर नंबर.
लिफ्ट बंद, उंबऱ्यावर
उद्घाटनाच्या नारळाचा डाग.

सातव्यावर यमुनाताई लोंढे.
मंगळवार, शुक्रवार डायलिसिस.
उतरायला एकशे बारा पायऱ्या,
मोजल्यात तिनं, बसत बसत,
चौऱ्याहत्तरावी फुटकी आहे हेही सांगते.

पहिल्या शनिवारी एका कंपनीतून बावीस जण आले
एकाच रंगाच्या टी-शर्टात.
त्यांनी तळमजल्याची भिंत रंगवली :
डोंगर, सूर्य, एक मोर.
मनापासून रंगवली, खोटं का बोलू.
संध्याकाळी त्यांची बस गेली.
मंगळवारी डायलिसिसहून परतलेली यमुनाताई
त्या मोरासमोर सव्वा तास बसून होती,
कुणी वर नेईल का म्हणून.

वहीत मी लिहिलं होतं : उपस्थिती बावीस.
ते खोडलं.
मग पुन्हा लिहिलं, कारण अहवाल द्यायचा होता.

नंतर दारं वाजवत हिंडले.
तिसरा मजला : "कसली स्कीम? पैसे किती भरायचे?"
चौथा : "हे झोपलेत."
चौथ्यावरचंच दुसरं दार : "आम्ही त्यांच्यातले नाही."
कुणातले, ते मी विचारलं नाही.
पाचव्यावर तौफिक, जरीचं काम सुटल्यापासून घरीच.
म्हणाला, "उचलायचंय ना? मग उचला म्हणा.
जोडा-बिडा काय?"
त्यानं प्लॅस्टिकच्या खुर्चीला दोन बांबू लावले.
दोरी सेल्वीच्या इडलीच्या गाडीची,
तिची अट : दुपारच्या आत परत.
दोरीवर भरवसा, माणसांवर नाही,
म्हणून दोरीमागोमाग ती स्वतः आली
आणि आलीच आहे तर एक टोक धरलं.
अहवालात न बसणाऱ्या अशा रीतीनं
दोघं झाली.

घाडीगावकरांचे गुडघे गेलेले,
पण बेस्टमध्ये एकतीस वर्षं कंडक्टर.
ते पुढे उतरतात, जुना पंच वाजवत :
एकदा टक्, थांबा.
दोनदा टक्-टक्, चला.
वळणावर सवयीनं ओरडतात, "सुट्टे काढून ठेवा."
खुर्चीत बसल्या बसल्या यमुनाताई हसते
आणि खुर्ची हलते म्हणून सेल्वीच्या शिव्या खाते.

एका बुधवारी तिनं माझी वही मागितली.
नाव, वय, कौशल्य, मोबाइल, उपलब्ध वेळ.
वाचून म्हणाली,
"यात कोण कुणावर रुसलंय ते कुठाय?"
आणि पेनही घेतलं.

आता वहीत असं आहे :
राजभर, पहाटे पाचला जागा, पण चहा झाल्याशिवाय हाक मारू नये.
तौफिकची कंबर, महिन्यातून एक सुट्टी.
कोळेकर आणि पवार, एका बांबूला नकोत, पार्किंगवरून बोलणं बंद.
ग्रेसी, रात्रपाळीची नर्स, सकाळी नऊनंतर उठवल्यास पाप.

खिडकीशी बसून, फोन कानाला लावून,
सातव्या मजल्यावरून ती इमारत हलवते.
जूनमध्ये रात्री दोनला
चौथ्यावरच्या त्या दुसऱ्या दारातले आजोबा मोरीत घसरले.
खुर्ची गेली. सहा माणसं गेली.
कोण कुणातलं, ते बघायला
जिन्यात दिवाच नव्हता.

साहेब विचारतात, किती स्वयंसेवक नोंदले?
मी सांगते, वही माझ्याकडे नसते.

काल मिळाली घटकाभर, आकडा काढण्यासाठी.
शेवटच्या पानावर माझं नाव होतं,
तिरप्या, थरथरत्या अक्षरात :
ही संस्थेची पोर. दम लागतो, सांगत नाही.
दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी पाणी द्यावं.

मी दुसऱ्या मजल्यावरच बसून वाचत होते.