भोपळा

मंगळवारी मैदानाला कुलूप नसतं, नुसती कडी असते,
हे मला छप्पन्नाव्या वर्षी कळलं.

आमचं घर पलीकडच्या भिंतीला पाठ लावून होतं.
अब्बा अंगणात भोपळे वाळत घालायचे,
सतारीचे, तंबोऱ्याचे, मंगळवेढ्याकडून आलेले,
आणि मी त्यांच्यात बसून मॅच ऐकायची.
मुलींनी बघायची नसते, असं कुणी म्हणालं नव्हतं.
फक्त कधी कुणी चल म्हणालं नव्हतं.

ओरड ऐकून मी अम्मीला सांगायची :
ही रेल्वेची. ही मिशनवाल्यांची.
हा कॉर्नर. ही नुसतीच शिवी.
गोल झाला की वाळल्या भोपळ्यांच्या पोटात
उशिरापर्यंत काहीतरी घुमत राहायचं.
अब्बा एकेकावर बोट टेकवून त्यांना गप्प करायचे.

त्या आवाजाएवढं मैदान मी मनात आखलं होतं.
हे तर लहान निघालं.
दगडी पायऱ्या सात,
चौथीवर कुणाचे तरी पापड वाळतायत.
गोलच्या खांबाला शेळी.
जाळी रविवारी येते म्हणे, सेक्रेटरींच्या घरून.
ओल्या चुन्याचा वास, आणि मिरज यार्डात
एक इंजिन उगाच पुढं-मागं करतंय.

आमोस भोरे फक्की ओढत होते,
एक पाय किंचित मागं ठेवून.
"आज काय न्हाई हितं, ताई. रविवारी या."
"रविवारी गर्दी असते."
हसले. पत्र्याच्या फळ्यावरची नावं वाचून दाखवली,
आणि अठ्ठ्याहत्तरला थांबले.
तिथं एका ओळीत दोन नावं, दाटीवाटीनं.
"फायनल. भोपळा-भोपळा. पाच मिनिटं राहिलेली.
गोली आडवा, म्होरं नुसता उजेड, आन् मी हाणला."

तो आवाज मला ठाऊक आहे.
गो
एवढाच आला होता भिंतीवरून.
पुढचं अक्षर आलं नाही.
त्याऐवजी चेंडू आला.

"वरनं गेला. रुळाकडं. मालगाडी चाललेली,
पडला उघड्या डब्यात.
दुसरा चेंडू कपाटात, किल्ली सायबाच्या खिशात,
सायब पुण्याला. अंधार पडला.
कप सहा-सहा म्हैने वाटून घेतला.
पर माझा चेंडू, ताई, हुबळीला गेला.
तिथल्या एका गार्डानं बघितला म्हणं."

अंगणात त्या दिवशी एकोणीस भोपळे होते.
रंग तोच, घेर तोच.
नाडीची बाजू खाली करून मी त्याला विसावा केला.
पोरं भिंतीवरून डोकावली : हिकडं आला का गं?
संध्याकाळी अब्बांनी मोजले,
पुन्हा मोजले,
आणि काही बोलले नाहीत.

मला खेळायचं नव्हतं त्याच्याशी.
एवढा आरडाओरडा ज्याच्यासाठी,
तो आतून कसा वाजतो, तेवढं ऐकायचं होतं.
बोटानं वाजवला, कान लावला.
काही नाही. जरा हवा.

पंचेचाळीस वर्षं माळ्यावर होता.
आज द्यायचाच म्हणून निघाले होते.

आमोस भोऱ्यांनी रेघ पुरी केली,
वाकून फुंकर मारली कडेला.
"पिशवीत काय हाय?"
"भोपळा."
"सतारीचा?"
"हा वाजत नाही."

मग थोडा वेळ शेळीच बोलली.

"हुबळी लांब आहे," मी म्हटलं.
"लई लांब," म्हणाले,
आणि ताठ उभे राहिले,
दुखऱ्या पायावरसुद्धा.