आडवं होण्यापुरतं

डॉक्टर हॅलेटनी कागदावर जठर काढलं,
लोकरी मोज्यासारखं, टाचेशी फुगीर,
आणि त्यावरून पेनानं उभी रेघ ओढली.
"एवढं काढून टाकायचं. उरेल ती नळी.
एकच शिवण. तासाभराचं काम.
माझा हात बसलाय यावर."

मी म्हटलं, दुसरंही काढा.
काढलं त्यांनी, पण लहान, कागदाच्या कोपऱ्यात,
नावडत्या पाहुण्याला पाट मांडावा तसं:
वर अंड्याएवढा कप्पा,
खालून ओढून आणलेलं आतडं,
दोन जोड.
"जितके जोड तितक्या गळतीच्या जागा, मिसेस पिटमन.
शिवाय जन्मभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या."

जोड मला ठाऊक आहेत.
बाबांच्या बोटीचा पंप मी बाराव्या वर्षी उघडून बसवला.
आणि पोटांचं म्हणाल तर
खाडीकाठच्या कारखान्यात सव्वीस वर्षं
कॉडची पोटं फाडलीत या हातांनी.
कोळंबी निघायची, खेकड्यांचे पाय,
एकदा कुणाच्या तरी कोटाचं बटण.
आत काय असेल याचा मला धसका नाही.

वजन तुम्ही केलंत. एकशे एकतीस किलो.
नर्सनं आकडा हळूच सांगितला,
भिंतीलाही कळू नये असा.
पण माझं दुखणं किलोत मावत नाही.

अकरा वर्षं मी पलंगावर झोपलेली नाही.
आडवी झाले की छातीतून घशापर्यंत जाळ,
रात्री दोनला तोंडात आंबट पाणी,
कूस बदलली की खोकला.
म्हणून खाली, स्टोव्हजवळच्या खुर्चीत
बसल्या बसल्या उजाडू द्यायचं,
शेवटची फेरीबोट चुकलेल्या बाईसारखं.
वर अँब्रोस एकटा.
माझ्या बाजूची उशी तो अजून झटकतो.
खाली आवाज येतो.

नळी केली आणि जळजळ वाढली तर?
"वाढू शकते,"
म्हणून ते वजनाच्या आलेखाकडे वळले.
तेवढे दोन शब्द घेऊन
धुक्यातून चार तास गाडी हाकत
मी घरी आले.

नणंद म्हणाली, डॉक्टरपेक्षा तू शहाणी का?
जठराच्या बाबतीत नाही, थेल्मा.
खुर्चीच्या बाबतीत आहे.

दुसऱ्या खेपेला मी कोपऱ्यातल्या चित्रावर बोट ठेवलं.
"माझा सल्ला वेगळा होता
अशी नोंद करावी लागेल मला."
करा.
हेही लिहा, की या बाईला पोटात घालायची सवय आहे:
कारखान्याला कुलूप लागलं ते घातलं,
दुकानातल्या पोरींचं खिदळणं घातलं,
विमानात दोन तिकिटं मागणारा तो माणूस,
त्यालाही घातलं.
आता जागा नाही.

ते हसले नाहीत. पेन खाली ठेवलं,
चष्मा पुसला, बराच वेळ.
मग म्हणाले, "करीन मी.
पण डॉक्टर तुल्क बरोबर असतील.
जोड त्यांचे माझ्यापेक्षा बरे होतात."
तेव्हा पहिल्यांदा
तो माणूस मला आवडला.

तारीख मार्चमधली आहे.
सध्या सूप, तेही गाळलेलं.
भीती वाटते का, तर वाटते;
दोन जोड ते दोन जोडच.

काल अँब्रोस दारातला बर्फ उपसत होता,
तेवढ्यात मी वर गेले,
बूटही न काढता पाठ टेकली.
एक मिनिट. फार तर दीड.
छतावर तपकिरी डाग आहे,
कधीतरी पाणी झिरपल्याचा, बेटासारखा.
केव्हाचा, कुणी बोललंच नाही मला.
मग घसा पेटला, उठून बसले,
चादर सारखी केली.

पायथ्याशी बुटाचा ओला ठसा राहिला.
रात्री खाली ऐकू आलं,
तो उशी झटकता झटकता
मध्येच थांबला.