पोटऱ्या

भिलवडीच्या तालमीत हिंदुराव वस्तादांनी
प्रज्योतची पोटरी मुठीत धरून पाहिली.
"काय भरलीय रं! बापाच्या वर जाणार हे बेणं."
आणि बापानं, कुंडलच्या मैदानात तीनदा निकाली मारलेल्यानं,
लाल मातीची चिमूट पोराच्या कपाळाला लावली.
पाच वर्षांचा होता.
मला काहीच कळलं नाही असं म्हटलं, तर खोटं होईल.

मी मिरजेत स्लाइडी रंगवते, बावीस वर्षं.
मेणात बसवलेला माणसाचा तुकडा
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचा,
निळ्यात बुडवायचा, मग गुलाबीत.
स्नायू लगेच ओळखू येतो.
हाडावरचा पट्ट्यापट्ट्यांचा,
केंद्रकं ढीगभर, पण सगळी कडेला,
वाढप्याला वाट सोडून पंगत बसावी तशी.
काळजाचा फांद्या फुटलेला, एकमेकांत हात गुंतवलेला.
पट्टे त्यालाही आहेत, सुट्टी नाही.
आणि आतड्याचा, पिशवीचा: बिनपट्ट्यांचा,
मधे फुगीर, टोकांना निमुळता, कुणाचं ऐकत नाही.
त्यानंच प्रज्योतला बाहेर ढकललं.
मी नुसती ओरडत होते.

तो उठायचा तसं गल्लीतलं कुठलंच पोर उठत नव्हतं.
आधी ओणवा. मग हात गुडघ्यांवर,
मग मांड्यांवर, मग आणखी वर,
स्वतःच्याच अंगाचा मल्लखांब करून
त्यावर चढायचा.

माझा भाऊ विलास असाच चढायचा.
घरात म्हणायचे, वारं गेलं अंगावरनं.
बाराव्या वर्षी तो बसला.
एकोणिसाव्या वर्षी श्वासानंही हात टेकले.
पोटऱ्या त्याच्याही भरलेल्या होत्या.

मांडीतला तुकडा आमच्याच लॅबला आला.
आलासे मॅडम म्हणाल्या, आज तू राहू दे.
मी म्हटलं, हात माझाच बसलाय.
काही तंतू सुजलेले, काही सुतासारखे,
केंद्रकं कड सोडून ऐन मधे येऊन बसलेली
आणि जागोजागी पांढरी, गोल, रिकामी भोकं.
तिथं चरबी होती, झायलीननं धुऊन नेली.
वस्तादांनी मुठीत धरलं होतं ते हेच:
बळ घर सोडून गेल्यावर
राहायला आलेलं भाडेकरू.
डिस्ट्रोफिनचा रंग एकाही तंतूच्या काठावर चढला नाही.
स्लाइड मी दोनदा केली.

रिपोर्टात होतं, आईकडून.
नवऱ्याला सांगताना मी "आपल्याकडून" म्हणाले.
तो मिरज स्टेशनापर्यंत काही बोलला नाही.
मग म्हणाला, विलासचं कधी सांगितलं नाहीस.
नव्हतंच सांगितलं.

आता रोज रात्री तो पोराच्या टाचा धरतो.
अंगठे तेच, गडी दाबून ठेवणारे.
पण फिजिओनं बजावलंय, रगडायचं नाही,
पाऊल नुसतं वर ओढून धरायचं, तीस होईपर्यंत.
प्रज्योत मोठ्यानं मोजतो:
"अकरा, बारा, वीस, तीस!"
"लबाडा," बाप म्हणतो,
"चल, पुन्हा एकपास्नं."