फाइलपुरतं नाव

क्लासमधली सायखेड्याची पोर विचारते,
"मॅडम, पांडाजला पीडी कशाला म्हणायचं?
एवढासुद्धा लिहायचा कंटाळा?"

दिवसातून दोनशे वेळा लिहून बघ, म्हणते.
आणि आपण काय वेगळं करतो?
रविवार कारंज्याला आरके म्हणतो,
गोदावरीला तर सरळ गंगा.
गंगेवर जाऊन आले म्हटलं
की नाशकात कुणी विचारत नाही, कुठल्या.
पुण्याच्या मावशीला मात्र काशी आठवते.
तिला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं.
इम्पोर्ट करताना दिलेलं नाव
त्या एका फाइलपुरतं.
दुसऱ्या फाइलीला ते ठाऊक नसतं.

हे मी दर बॅचला सांगते.
पुढचं सांगत नाही.

वडील गेले त्या दुपारी
सातपूरहून आठ-नऊ जण आले, टेम्पोत उभे राहून,
कंपनीच्या कपड्यांवरच, हातांना कूलंटचा वास.
गल्लीच्या तोंडाशी मीच भेटले.
"मायक्रोचं घर कोणतं?"
मी म्हणाले, इथं कुणी मायक्रो राहत नाही.
मागे आमच्याच दाराशी चपलांचा ढीग होता.

त्यातले एक निमसे म्हणून, ओशाळून म्हणाले,
"बोरस्ते हो. टूलरूमचे.
नुसतं बोट फिरवून सांगायचे,
दांडा पॉइंट शून्य दोननं जाड आहे.
मायक्रोमीटर आम्ही मागाहून लावायचो.
गंमत म्हणून."

घरी ते रंगनाथ. आईचे 'अहो'.
आमटीत मीठ नाही हेही ज्यांना
दुसऱ्यानं सांगावं लागे, ते.
एकतीस वर्षं पहिल्या पाळीला
गेटातून आत जाताना हे नाव चढवलं असेल,
सुटताना पंचिंग कार्डाशेजारी खोचून ठेवलं असेल.
घरी कधी आणलं नाही.
आम्हीही डबा तेवढा उघडून बघितला,
भाजी संपली का ते.

या, म्हणाले. हेच घर.
निमशांनी आत जाऊन
त्यांचा उजवा हात हातात घेतला
आणि बोटांची टोकं बघत बसले.

"मॅडम, चाललं!"
पोरीनं पीडी खोडून पांडोबा लिहिलंय.
इम्पोर्ट पांडाज ॲज पांडोबा.
खाली द्राक्षांच्या पेट्यांचा तक्ता, तालुकावार, बिनचूक.
सगळी बॅच हसतेय.
"एरर नाही आली, मॅडम."

नाहीच येणार.
काहीही म्हण त्याला.
वरची ती पहिली ओळ
तेवढी पुसू नकोस.