बोट लागते

हर्षालीने जुन्या लग्नपत्रिका कापून पत्ते केलेत.
कोऱ्या अंगाला इंग्रजी, पण आपल्या अक्षरांत, माझ्यासाठी.
छापील अंगाला अर्थ, लाल पेनने,
कुणाच्या तरी चि.सौ.कां.वरून आडवा.
मी बोंबील निवडता निवडता विचारते,
ती दोरीवरचे कपडे काढता काढता सांगते.

गिव्ह अप.
मला वाटलं, दे वर.
हर्णैच्या बंदरात हेच तर ओरडतात,
कमरेएवढ्या पाण्यात बैलगाडी उभी,
होडीतला टोपली उचलतो, गाडीवरचा वाकतो, दे वर, दे वर!
ती म्हणाली, नाही गं आई. हात टेकणे.
वर दिलं आणि हात टेकले?
तिला हसू आलं ते आवरेना,
बाबांचा सदरा वाळूत पडला.

लुक आफ्टर.
हे मला येतं, म्हटलं. नंतर बघू.
डिझेलच्या परताव्याचं विचारलं
की सोसायटीचा सेक्रेटरी हेच म्हणतो, तीन वर्षं.
पत्ता उलटला. सांभाळणे.
खाली अर्धवट कापलेलं, ‘आमच्या मुलीच्या लग्नाला’.
तिकडच्या म्हाताऱ्यांना सांभाळायला निघाली आहे ही,
पगार चांगला आहे म्हणतात.

कम राउंड म्हणजे शुद्धीवर येणे.
थ्रो अप म्हणजे ओकणे, वर फेकणे नव्हे.
पास अवे मी विचारलंच नाही.
आधीच उलटून पाहिला होता.
बोंबलांच्या सुपाखाली सरकवला.

कसली गं ही भाषा, मी म्हटलं,
शेपूट बदललं की मासाच बदलतो.
म्हणाली, आणि आपली? सांग, लागणे म्हणजे काय?

मी सांगायला लागले.
बोट लागली, म्हणजे धक्क्याला आली.
बोट लागली, म्हणजे आत बसलेल्याला मळमळलं.
भात खाली लागला. दाराला कडी लागली.
दुपारी माझा डोळा लागला तेवढ्यात मांजराने सुरमई नेली.
बाबांना मटक्याचा नाद लागला, तो सुटला,
मग दम लागायला लागला.
आजीचं औषध तुला कधीच लागलं नाही,
रडत मात्र तू एकदा लागलीस की लागलीस.
बोलता बोलता म्हणून गेले,
तिकडे कुणी विचारलं, ही तुझी कोण लागते,
तर काय सांगशील?

ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली.
खाडीकडून वारा आला, पत्ते हलले,
मी त्यांच्यावर काटा ठेवला, पावशेराचा.

रात्री तिने मोजले. एकशे एकोणीस.
एक कमी भरतोय, म्हणाली.
गेला असेल वाऱ्याने, मी म्हटलं.
तिने पत्ते नाकाशी नेले, तोंड वाकडं केलं,
आणि तसेच पर्समध्ये टाकले.