कोरी पावती

चारशे किलोमीटर. सत्तावीस तास.
सकाळी सहाला कितामीहून निघालो
तेव्हा मी फक्त दुकानाच्या शटरचा विचार करत होते,
कुलूप नीट लागलं का.
पंचवीस वर्षांत पहिल्यांदा रविवारी बंद.
माझं केस कापायचं दुकान आहे.

वाटेत साक्षीला कुणी उभं नसतं.
रात्रभर उघड्या दुकानात शिरायचं, काहीतरी घ्यायचं,
पावती जपायची.
तारीख, वेळ, मक्याचं सूप एकशे पन्नास येन:
एवढ्यावर सिद्ध होतं, की तुम्ही होतात.

उतोरोपर्यंत वारा पाठीशी होता, फुकटचा.
मग शिरेतोकोची खिंड.
हिराइवा सत्तरीचे, कांदे पिकवतात.
अस्वलाला कळावं म्हणून हँडलला घंटी बांधून
सगळ्यांच्या मागून चढत होते.
अस्वलाचं माहीत नाही,
आम्हाला मात्र दर वळणावर कळायचं,
मागे अजून कुणीतरी आहे.

उतारावर पाऊस. ब्रेक दाबायला बोटंच उरली नव्हती.
राउसूच्या दुकानात तोमोएचे दात इतके वाजले
की दुकानदारानं स्टोव्ह तिच्याकडे वळवला.
तिथे मासे साफ करणाऱ्यांचे रबरी हातमोजे होते, निळे.
कुझुमीनं चार जोड घेतले, सगळे त्याच्याच बिलावर.
"नंतर बघू," म्हणाला.

नंतर रात्र. बेत्सुकाईचा रस्ता,
आखणीनं ओढल्यासारखा सरळ,
वळण नाही म्हणून झोप येते.
कुझुमी याच रस्त्यावर दुधाचा टँकर चालवतो.
अंधारात नुसत्या वासावरून गोठे ओळखत गेला:
हा एकशे वीस गाईंचा.
याची मुलगी साप्पोरोला गेली, परत आली नाही.
हा उधार ठेवतो.
आवाज थांबला की मी ओळखायचे, डोळा लागला,
आणि मागून ओरडायचे, पुढचा कुणाचा?

माझ्या दिव्यात त्याची मान होती, तासन् तास.
माणसं आरशात चेहरा तयार करून बसतात,
मानेला ते जमत नाही.
त्याची मान थकली होती,
आणि थकलेली दिसण्याची तिला लाज नव्हती.

बिहोरोच्या खिंडीत उजाडलं.
खाली सरोवर असतं म्हणे. आम्हाला ढग दिसले.
तोमोए कठड्यापाशी ओकली,
तोंड पुसलं, गोड पाव काढून खाल्ला
आणि आमच्याआधी निघाली.

शेवटचे वीस किलोमीटर कुणीच बोललं नाही.
मग काढणीला आलेल्या कांद्यांचा वास आला
आणि हिराइवांनी घंटी सोडून खिशात टाकली.

आठ वाजून एकेचाळीस मिनिटं.
सभागृहामागच्या पार्किंगमध्ये घडीचं टेबल,
मुराकोशी, थर्मास, शिक्का.
पाय टेकवायचा कसा, हे मला क्षणभर आठवेना.

कुझुमीनं राउसूची पावती काढली. कोरी होती.
गुडघ्याच्या मलमाच्या नळीभोवती गुंडाळलेली,
मलमानं अक्षरं खाऊन टाकलेली.
मुराकोशीनं ती उजेडाकडे धरली, उलटली, पुन्हा धरली.

तोमोएनं हातमोजे काढून टेबलावर ठेवले.
मग मी. मग हिराइवांनी.
मग कुझुमीनं स्वतःचे.
आठ निळे हात, मासळीचा वास मारणारे.

"हातमोजे म्हणजे कागद नव्हे," मुराकोशी हळूच म्हणाला.
शिसपेन्सिलीनं काहीतरी लिहिलं.
"समितीकडे पाठवतो."
कुझुमी हसला, चहा मागितला,
आणि कप हातात असतानाच भिंतीला टेकून झोपला.
आम्हीही. ऊन आलं तरी कुणी उठवलं नाही.

मंगळवारी दुकान उघडलं.
करंगळी आणि शेजारचं बोट अजून बधिर,
कात्री दोनदा पडली, गिऱ्हाईक सांभाळून बसलं.
दुपारी कुझुमी आला. "मानेवरचं साफ कर."
निकाल आला का, मी विचारलं नाही,
त्यानंही हातमोज्यांचे पैसे विचारले नाहीत.

कॉलर जिथे सुरू होत होती
तिथे उन्हाची रेघ होती, वर तांबूस, खाली पांढरी.
फेस लावला, वस्तरा फिरवला, टॉवेलनं पुसलं.
रेघ तिथेच होती.