हयात

बेळगुंदीहून पहिल्या बसनं आलोय.
पिशवीत डिस्चार्ज बुक, शाळेचा दाखला,
स्टॅम्प पेपरावर नोटरीचा लाल शिक्का,
आणि जाहिरातींची दोन कात्रणं,
एक मराठी, एक कन्नड.

पहिली चूक आडनावाची.
आम्ही कुट्रे. इंग्रजीत ट आणि त एकच,
भरतीच्या दिवशी कुण्या बाबूनं
हिंदीत उतरवताना कुत्रे केलं.
सतरा वर्षं हजेरीला पलटण हसली.
मीही हसलो. लेहच्या थंडीत
हसण्यानं निदान तोंड गरम राहतं.

दुसरी बायकोची.
हुक्केरीकडच्या माहेरी मल्लव्वा, आमच्यात मालन,
बँकेत आणखीनच कुणी.
तीन बायका एकाच चुलीपुढं.
ह्या तिघी एकच, असं शपथेवर लिहून दिलंय.
वकील म्हणाला, नशीबवान आहात.

क्लार्क पोरगाच आहे, केदनूरचा.
भराभर खुणा करत जातो.
"पार्ट टू ऑर्डर निघेल, काका. तीन महिने धरा."
पान उलटतो, थांबतो.
"मुलगी एकच ना? इथं सुमन आहे.
अर्जात रेणुका."

रेणुका नंतरची. घालायची राहून गेली.
सुमन आधीची,
रताळी काढायच्या दिवसांत गेली,
सव्वादोन वर्षांची.
तार मिळून मी पोचलो तो बारावा दिवस,
बांधाकडची माती बसलीसुद्धा होती.
पलटणीला कुणी कळवलं नाही.
मीही नाही.

त्या वहीत ती आता एकतिसाची.
दर नोव्हेंबरात मी बँकेत जाऊन
जिवंत असल्याचा अंगठा देतो.
तिला कधी कुणी विचारलं नाही.

"मृत्यूचा दाखला लागेल, पंचायतीचा.
नाव कमी करायला."
त्याचं बरोबर आहे.
कागदाला कागद मिळाला पाहिजे.

बाहेर मैदानावर नवी भरती कदमताल करत होती.
कुणाचा तरी एक पाय सारखा चुकत होता,
उस्ताद घसा फोडून ओरडत होता.

"रेणुकाचं वाढव," मी म्हटलं.
"वाढवतो. आणि हे?"
"पुढच्या खेपेला आणतो."
त्यानं माझ्याकडं बघितलं,
सुमनपुढं बारीक प्रश्नचिन्ह काढलं,
पेन खाली ठेवून, पेन्सिलीनं.

मालन विचारेल, झालं की सगळं?
सांगेन, झालं. आजपासून आपण कुट्रे.
एक खेप आहे अजून.